भिवंडी ते वज्रेश्वरी, बसलेला आवाज घेऊन

परेशचा फोन आला तेव्हा मी तो नेहमीप्रमाणे उचलला नाही. "बोल" असा मेसेज टाकला. परेश म्हणजे माझा शाळेतला दोस्त, वज्रेश्वरीच्या अलीकडच्या एका गावात शेती करतो. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी उचलावाच लागला.

"रविवारी आमच्या गावात चाळीशीपुढच्यांची मॅच हाय. कॉमेंट्री तुजी."

"आवाज नाही रे," मी कसंबसं म्हणालो.

"मग माईक कशाला हाय?" म्हणाला आणि ठेवूनच दिला.

जे पहिल्यांदाच हा ब्लॉग वाचतायत त्यांना सांगतो. गेल्या वर्षी माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, जेवढा परत आला तेवढा तुमचा, आता ओरडायचं नाही. झालं! ज्या माणसाने तरुणपणी तालुकाभर शेताशेतांत टेनिस बॉलच्या मॅचेसची कॉमेंट्री केली, त्याला हे सांगणं! मला त्याचं वेडच होतं हो. मुलगी सायली लहान असताना तिच्या जेवणाचीसुद्धा कॉमेंट्री चालायची. "भेंडीचा घास, हवेत उंच, घास हवेत आणि... झेल!" तेव्हा कुठे भेंडी पोटात जायची.

आता सायली नाशिकला होस्टेलला असते आणि आमचं सगळं बोलणं मेसेजवर. वडप्याला ज्या गोदामात मी कामाला आहे, तिथे ट्रक मागे घेताना मी शिट्टी वाजवतो. लोडिंगवाले म्हणतात, "सीटीवाले साहब आ गए." हा ब्लॉगही त्यातूनच सुरू झाला. तोंड बंद पडलं, मग बोटं बडबडायला लागली.

तर, जायचं होतं आणि नव्हतंही. माईकवर आवाज फाटला आणि चारचौघांत हसं झालं, तर जे काही थोडंफार बोलतो तेही बंद होईल, ही खरी भीती. बायकोने, म्हणजे वैशालीने, निकाल लावला. "अहो, घरात बसून तरी कोणती भाषणं देताय? चला. मला तिकडच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचंच होतं."

रविवारी उजाडता उजाडता स्कूटर काढली. गल्लीतल्या लूमची खडखड मागे पडली आणि नदीनाका ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलो. रस्त्याबद्दल प्रामाणिक सल्ला: कंबरेचा त्रास असेल तर बसने जा. खड्डे आहेत, अवजड गाड्या आहेत, आणि धूळ तर विचारू नका. पण अनगाव मागे टाकलं की हवा बदलते. थंडीचे दिवस, भाताची कापणी झालेली मोकळी शेतं, वालाला आलेल्या शेंगा. वैशाली मागे बसून काहीतरी गुणगुणत होती. मी हेल्मेटच्या आत "आणि गोलंदाज धावत येतोय" असं पुटपुटून बघत होतो. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिने पाठीवर चापट मारली. "आत्ताच संपवू नका सगळा आवाज!"

अंबाडी नाक्यावर थांबाच. मिसळ झणझणीत, चहा कडक, दोघांचं मिळून दोनशेच्या आत भागतं. बाजारही तिथेच, परतताना भाजी घ्यायची असेल तर हीच जागा. तिथून डावीकडे वळलं की वज्रेश्वरीचा रस्ता. देवीच्या पायऱ्या चढून दर्शन घेतलं. तिथून पुढे अकलोलीला, तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. सुटीच्या दिवशी लवकर गेलात तरच पाय सोडून बसायला जागा मिळते. टॉवेल आणि जादा कपडे न्या. वैशाली हुश्श करून बसली, मी मात्र घशासाठी खडीसाखर चघळत.

मॅच परेशच्या गावातल्या एका सपाट केलेल्या भातशेतात. मांडव, दोन भोंगे, एक टेबल आणि टेबलावर तो. माईक हो. परेशने माझी ओळख अशी काही करून दिली की पळून जावंसं वाटलं.

पहिल्याच ओव्हरला माझ्या अंगात आलं. जुन्या सवयीने छाती भरून घेतली. "आणि हा उंच टोलावलेला चेंडू सीमा..." रेषेपर्यंत पोचलोच नाही. आवाज चिरकला, मग गेलाच. भोंग्यातून नुसती घरघर.

"अरं, माईकमधी मांजर शिरली!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खा मांडव हसला. मी माईक टेबलावर ठेवला. कान तापले होते. ज्याची भीती होती तेच झालं, आणि तेही पहिल्या ओव्हरला! वैशालीकडे बघायचा धीर होईना.

परेश बॅटिंगची वाट बघत बसला होता, तो तसाच उठून आला. माईक उचलून त्याने माझ्या ओठांना जवळजवळ टेकवला.

"वरडतंस कशाला? ओट्यावर बसल्यावानी बोल. बाकीचं काम भोंग्याचं हाय."

काही सुचत नव्हतं, म्हणून समोर दिसेल ते सांगायला लागलो. अगदी हळू, शेजारच्याला सांगावं तसं. "क्रीजवर आहेत आपले नाना. कोणता गुडघा दुखतो ते त्यांना आठवत नाही, म्हणून दोन्ही पायांनी लंगडतायत." मांडवात खसखस पिकली. "दोघं धावले. धावले म्हणजे... निघालेत." आता मोठ्याने हसले लोक. "चेंडू सीमारेषेकडे, मागे बंडूशेठ. दोघांचा वेग सारखाच. चेंडू थांबला. बंडूशेठही थांबले."

बंडूशेठ स्वतःच पोट धरून खाली बसले. एरवी मॅचला जो गलका असतो तो कमी झाला होता. लोकांना ऐकायचं होतं ना! दुसऱ्या डावातही माईक माझ्याच हातात राहिला. घसा शेकायला वैशाली मधूनमधून थर्मासमधलं गरम पाणी देत होती आणि तिचे डोळे भरलेले मला दिसत होते. मला फार बरं वाटलं. खूप दिवसांनी मी मीच वाटलो.

दुपारी परेशच्या घरी तांदळाची भाकरी आणि गावठी कोंबडीचा रस्सा. त्याची आई वाढता वाढता म्हणाली, "पयले तू निस्ता कान फोडायचास. आता समजतं तरी, काय बोलतंस ते."

परतीच्या वाटेवर अंबाडीला भाजी घेतली, त्यात भेंडी होती. दिवे लागता लागता घरी पोचलो. अंग धुळीने माखलेलं, कंबर खिळखिळी, पण मन भरलेलं. आवाज जुना काही परत आलेला नाही, येणारही नाही. पण जो उरलाय तो माझाच आहे, आणि तो मला एका मित्राने माझ्याच ओठांना माईक लावून ऐकवला. परेश, तू हे वाचणार नाहीस, तुला वाचायचा कंटाळा. तरी लिहून ठेवतो: तुझे उपकार आहेत रे.

रात्रीच्या स्वयंपाकाला वैशाली भेंडी चिरत होती. मी फोन घेतला आणि मेसेज न करता सायलीला सरळ कॉल लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?" बिचारी घाबरलीच.

"सगळे बरे आहेत. सहज केला. काय करतेस?"

"मेसमध्ये आहे, जेवतेय." मग एकदम, "तू बोलतोयस, बाबा!"

"भाजी काय आहे?"

"भेंडी. घशाखाली उतरत नाहीये."

मी फोन ओठांजवळ धरला. "भेंडीचा घास," अगदी हळू म्हणालो. "हवेत उंच. घास अजून हवेत..." पुढचा शब्द निघेना. या खेपेला गळ्याचा दोष नव्हता.

पलीकडून भरल्या तोंडाने सायली म्हणाली, "झेल!"