मस्कतहून आलेले दोन कॅमेरे

माझ्या बहिणीला बघायला येणाऱ्या मुलाला मस्कतहून सुट्टी मिळत नव्हती, म्हणून त्याने दोन कॅमेरे पाठवले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि त्याच्याच मागच्या खोलीत राहायचो. कॅमेरे कॉम्प्युटरला जोडायचे, दर वीस सेकंदांनी निघणारा फोटो फोनलाइनवरून इंटरनेटच्या एका पानावर चढवायचा आणि मुलाने तिकडे ते पान उघडून मुलगी बघायची, असं ठरलं. आवाज नाही, नुसती चित्रं.

दोन कॅमेरे का, तर मुलाच्या मामांमुळे. त्यांच्या नात्यात कुणाला तरी फोटो एका बहिणीचा दाखवून दुसरी गळ्यात मारली होती. आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला चालूनही दाखवावं लागतं. तेव्हा एका कॅमेऱ्यात चेहरा, दुसऱ्यात चाल आणि दोन्ही एकाच वेळी, अशी मामांची अट. चेहरा एकीचा नि पाय दुसरीचे असा घोटाळा त्यांना नको होता. नेहमीच्या सॉफ्टवेअरवर एका वेळी एकच कॅमेरा चालायचा. मी मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलेलं होतं आणि गावभर त्याच्या बढाया मारल्या होत्या. 'लिनक्सवर होईल,' असं मीच म्हणून बसलो. मला कुणी विचारलंही नव्हतं.

गुरुवारी सकाळी नाना, म्हणजे आमचे वडील, बहिणीला घेऊन अमळनेरहून आले. बघणं शुक्रवारी दुपारी होतं. पहिला कॅमेरा सुरू झाला. तो काढून दुसरा लावला, तोही सुरू झाला. दोन्ही लावले की दुसरा काळा. स्क्रीनवर ओळ यायची, जागा शिल्लक नाही. मला वाटलं डिस्क भरली. मी मुलांच्या सरावाच्या फायली उडवल्या, मग माझ्या स्वतःच्या नोट्स उडवल्या. दुसरा कॅमेरा काळाच. वायरी अदलाबदल केल्या, सगळं पुन्हा टाकलं आणि कॅमेरे बनवणाऱ्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

प्रत्येक वेळी बहिणीला दारापासून टेबलापर्यंत चालावं लागायचं. हललं की फोटो फिसकटायचा, म्हणून मी 'थांब' म्हणालो की तिने पाऊल पुढे टाकून तसंच उभं राहायचं आणि 'चल' म्हटलं की पुढचं पाऊल. सकाळपासून ती हेच करत होती.

नाना चहाला खाली गेले तेव्हा ती जागची न हलता बोलली. "भाऊ, जमनं नही आसं सांगी दे. माले धुयाले जानं शे."

धुळ्याच्या बी.एड.च्या यादीत तिचं नाव लागलं होतं. उद्या कॅमेरे चालले नाहीत तर मामा मुलाला पहूरची दुसरी मुलगी दाखवणार होते, हे तिलाही माहीत होतं. म्हणजे तिची सुटका एका काळ्या चौकोनावर अवलंबून होती. मी मान हलवली. 'बरं' म्हणालो आणि खरंच तसं ठरवलं होतं.

पण माझा हात काही थांबेना. आणि मग लक्षात आलं, जागा डिस्कवरची नाही, वायरीच्या वाटेतली संपली होती. दोन्ही कॅमेरे एकाच वाटेने मोठी चित्रं ढकलत होते. मी चित्रांचा आकार निम्मा केला. दोन्ही चौकोन उजळले.

"जमलं," मी ओरडलो. नाना चहाचा पेला घेऊन दारात उभे होते. त्यांचा चेहरा इतका खुलला की आता काही मागे घेणं शक्य नव्हतं. बहिणीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

शुक्रवारी मामा आले, खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. बहीण चालू लागली. अर्ध्या वाटेत चालीचं चित्र काळं झालं. मी टेबलाखाली वाकलो. दुसऱ्या कॅमेऱ्याची पिन अर्धवट सुटली होती, माझाच गुडघा लागून. नुसतं हात वर करून 'काही कळत नाही' म्हणायचं होतं, बाकी काहीच नाही. मी पिन घट्ट दाबली. सवयीने. आजही मी सवयीचंच कारण सांगतो, पण मामांसमोर माझी फजिती होऊ नये हे त्या क्षणी मला जास्त वाटत होतं आणि त्याची मला लाज वाटते.

चित्र परत आलं. त्यात ती अर्ध्या वाटेतच एक पाऊल पुढे टाकून उभी होती आणि माझ्या हाताकडे बघत होती.

थोड्या वेळाने मस्कतहून मेल आली, मुलगी पसंत आहे. मामांनी नानांना हात जोडले, नानांनी माझी पाठ थोपटली आणि सगळे एकदम बोलू लागले. कॅमेरे बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. बहीण अजून तशीच उभी होती, पाऊल पुढे.

"भाऊ," ती म्हणाली, "आते बसू का मी?"