टाळ्यांचा परिच्छेद

"कागद काय म्हणतो?" असं म्हणून सर टेबलावर दोन बोटं वाजवायचे. तुम्ही काहीही सांगा, उत्तर हेच. मी बाजारातून येऊन पापलेट महाग झालं म्हटलं तरी हेच. एकदा मी म्हणालो, "सर, पापलेटाला कागद नसतो." ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

तुम्ही त्यांची पुस्तकं वाचली असतील. जुनी आरमारं, गलबतं, समुद्रावरच्या लढाया. डहाणूत त्यांचं व्याख्यान असलं की लोक खिडक्यांत बसायचे. मी मात्र ती पुस्तकं नोकरी म्हणून वाचली. मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. तलासरीला कारखान्यात लागलो, तो बंद पडला, आणि ओळखीतून नरपडला सरांकडे गाडी चालवायला आलो. सरांना कमी दिसू लागलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाच."

जोडाक्षरांवर ठेचकाळत मी वाचत होतो आणि काम आजच जाणार असं धरून चाललो होतो. पान संपल्यावर ते म्हणाले, "तू न कळता पुढे जात नाहीस. शिकलेले जातात." आज मी जे चार शब्द लिहितोय, ते सरांच्या वाचायच्या खोलीत शिकलेले आहेत.

मासे मी एका मावशीकडून घ्यायचो. ती किनाऱ्यावरच्या एका गावची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकदा कोळंबी निवडता निवडता तिनं विचारलं, "तू त्या पुस्तकवाल्या सायबाकडे ना?"

मी अभिमानानं हो म्हटलं.

"मग विचार त्याला, आमच्या म्हाताऱ्यांनी त्याचं काय घोडं मारलं होतं."

सरांच्या सगळ्यात खपलेल्या पुस्तकात एक परिच्छेद आहे. शत्रूचं जहाज अंधारात वाट चुकतं, आणि या गावचे लोक किनाऱ्यावर आग पेटवून त्याला आत घेतात. फितुरीचा प्रसंग. शाळांच्या स्नेहसंमेलनात त्याचं नाटुकलं व्हायचं. शेजारची गावं या गावाला 'दिवेवाले' म्हणू लागली होती. मावशीच्या मुलीला बघायला आलेला मुलाचा काका चहा पिता पिता म्हणाला होता, "पोरगी चांगली आहे, पण आमच्या घरी दिवा दाखवू नको हां." सगळे हसले. मुलगी आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. ती सोयरीक तिथंच राहिली.

मी घरी येऊन हे सगळं सांगितलं. दोन बोटं वाजली. "त्या जहाजाच्या कप्तानानं लिहून ठेवलंय, या किनाऱ्यावर आग दिसली म्हणून. मी मनाचं लिहीत नाही."

त्याच थंडीत वरोरचा कार्यक्रम आटोपून आम्ही परत येत होतो. तिन्हीसांज झाली होती. त्या गावाजवळ किनाऱ्यावर आग दिसली आणि सरांनी गाडी थांबवायला लावली. मी हात धरून त्यांना वाळूत नेलं. बायका ताडाच्या वाळक्या झावळ्या पेटवत होत्या. मावशीही होती.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"होडी आली नाय अजून," ती समुद्राकडे बघतच म्हणाली. "उशीर झाला की गावातल्या बायका जाळतात. समुद्रात अडकलेल्याला घर कुठं ते दिसू दे."

"आता मोबाईल असतात ना?"

"असतात की. पण हात रिकामे ठेवून घरात बसवत नाय."

"कधीपासून करता हे?"

"कधीपासून म्हणजे? नवरे समुद्रात जातात तेव्हापासून."

होडी आली. मशीन बिघडलं होतं, एवढंच. बायका डोक्यावर पाट्या घेऊन पुढे झाल्या, कुणी सरांकडे बघितलंही नाही. सर राखेजवळ उभे. इतकी वर्षं ते गाडीच्या अंतरावर राहत होते, पण तिन्हीसांज ही त्यांची घरी बसून लिहायची वेळ, म्हणून ही आग त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "कप्तानानं आग पाहिली, ते खरं. ती कुणासाठी होती, ते मी ठरवलं."

तो परिच्छेद काढा म्हणून सरांनी प्रकाशकाला फोन केला तर तो म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत बघू सर. त्याच परिच्छेदाला तर टाळ्या मिळतात." मग सरांनी गावात जायचं ठरवलं. आम्ही निघायचो आणि फाट्यावरून ते मला वळायला सांगायचे. "आज भरती असेल, उद्या जाऊ."

"सर, आपण गाडीनं जातोय."

ते हसले नाहीत.

शेवटी एका सकाळी गेलो. देवळाच्या ओट्यावर एक म्हातारा तांडेल, होडीचा प्रमुख, जाळं विणत बसला होता. भोवती आणखी माणसं होती. तासन् तास बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून तिथं जेमतेम एवढंच निघालं, "मी चुकलो. येऊन विचारायला हवं होतं."

तांडेलानं विणणं थांबवलं नाही. "आम्हाला काय सांगता सायेब? आम्हाला ठाऊकच हाय. ज्यांनी वाचलंय, त्यांना जाऊन सांगा."

सर मान खाली घालून गाडीत बसले आणि दुसऱ्या दिवसापासून तेच करू लागले. शाळा, वाचनालयं, मंडळं. कैनाडला गेलो, जिथल्या कितीतरी पोरांनी होडी जवळून पाहिली नव्हती. मी परिच्छेद वाचायचा, मग सरांनी उठून, मान खाली घालूनच, तो खोटा आहे म्हणायचं. तलासरीला माझं वाचून झालं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सर म्हणाले, "हे चूक आहे. ती आग घरच्यांसाठी होती." लोक हसले. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, किती विनम्र." नंतर त्याच पानावर सही घ्यायला रांग लागली.

माझे कान तापले होते. वाचायला मला सरांनी शिकवलं, आणि मी चांगलं वाचलं म्हणून त्यांची अशी फजिती झाली. पुढच्या गावी मी मुद्दाम सपाट वाचलं. परतताना ते रागावले. "तसं नको. त्यांना आवडायला हवं, मगच ते टोचेल." थोडं पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, "इतकं चांगलं लिहायला नको होतं रे."

मावशी त्यांच्यासाठी ताजे मासे बाजूला काढून ठेवू लागली. पण माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि सरांनी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी सर गेले. त्याच आठवड्यात नवी आवृत्ती आली तेव्हा मी आधी ते पान उघडलं. परिच्छेद जसाच्या तसा होता.

शोकसभेत आयोजक माझ्याजवळ आले. "तू छान वाचतोस. तो टाळ्यांचा परिच्छेद वाच, लोकांना सर आठवतील." मी ना लेखक, ना इथला. पुस्तक घेऊन उभा राहिलो आणि सरांना हवं होतं तसं, जीव लावून वाचलं. टाळ्या झाल्या. मग मी म्हणालो, "हे चूक आहे. सर स्वतः गावोगाव सांगत होते." आयोजकांनी माईकसाठी हात पुढे केला. मी माईक सोडला नाही. बायका, झावळ्या, उशिरा आलेली होडी, सगळं सांगितलं. पुढच्या खुर्च्यांतून कुजबुज झाली, एक-दोघं उठून गेले.

बोलता बोलता मी टेबलावरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. त्यात सर सरळ समोर बघत होते. हा परिच्छेद वाचून झाल्यावर त्यांची मान वर असलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.