गोठाचा चपटा तुकडा

नत्थू सोनाराशेजारी बसून देवरावानं बावीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण नत्थूबद्दल सांगावं असं त्याच्याजवळ फार थोडं होतं. इतवारीतल्या एकाच ओट्यावर दोघं बसत. नत्थूची बायको वारली होती आणि तिची दोन जोडवी भिंतीवरच्या खिळ्याला असत. एवढंच.

जुने डाग मोडून नव्या तऱ्हेचे दागिने करावे ते नत्थूनंच. लोक आजीचे तोडे आणत आणि नातीसाठी नाजूक लॉकेट नेत. मात्र जुन्यातला हरभऱ्याएवढा तुकडा तो कधी आटवत नसे. नव्या डागाच्या मागं डाखानं जोडून तो जसाच्या तसा बसवी.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात देवरावानं लेकीसाठी मोडायला आईच्या हातातला चांदीचा गोठ आणला. नरखेडकडच्या विहिरीवर पाणी ओढता ओढता दोरानं घासून तो एका अंगाला चपटा झाला होता. आईचा फोटो नव्हता. तिची खूण म्हणजे हीच.

"जया हे जड नको म्हणते. कॉलेजात घालता येईल असं पान कर लॉकेटाले. पण ही चपटी बाजू ठेवजो, नत्थूभाऊ."

"मले शिकवून राहिला का गा? तू आपलं घड्याळ पाय. दोन दिवसांपासून त्याच्यात साडेनऊच वाजून राहिले."

नत्थूनं तुकडा कापून कागदावर ठेवला. कानशीचा किसही त्याच कागदावर पडत गेला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. किस आटवायच्या मुशीत ओतताना तुकडाही आत घरंगळला. देवरावानं ते पाहिलं. एवढा जुना कारागीर, त्यानं दुसरा तुकडा राखला असेल, आपण काय बोलायचं, असं मनाशी म्हणून त्यानं पुन्हा घड्याळात डोकं घातलं. तोवर नत्थूनं फुंकणी तोंडाला लावली होती.

तिसऱ्या दिवशी पान तयार झालं. मागं तुकडा होता, पण त्याच्यावर खवल्यांची नक्षी होती. गोठ तर साधा होता. देवरावानं भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला एकच जोडवं उरलं होतं.

परत करावं तर नत्थूला त्याचे डोळे गेल्याचं तोंडावर सांगावं लागणार. ठेवावं तर आईचं काहीच उरलं नाही, आणि लेकीच्या गळ्यात परक्या बाईचं जोडवं. देवरावानं पान खिशात घातलं.

त्यानंतर नत्थूनं मूस चढवली नाही. दसऱ्याआधी तो लेकाकडे नंदनवनला गेला आणि महिन्याभरात तिथंच वारला. ओटा सोडला त्या दिवशी सामान बांधता बांधता त्यानं विचारलं होतं,

"जयाले आवडलं का गा पान?"

"आवडलं ना. रोज घालते."

"काळं पडलं तर राखेनं घासाले सांगजो. साबण नको."

"सांगतो."