आईची चाल

आज चर्चमध्ये शेजारची नवी सून गीतपुस्तकातल्या त्रिकोण-चौकोनांवर बोट फिरवत गात होती. पुस्तक आमच्या वकीलसाहेबांचं. गाणं न शिकलेल्यालाही गाता यावं, म्हणून त्यांनी प्रत्येक स्वराला आकार दिला. त्यासाठीच आमच्या ओट्यावर बसून माझ्या आईकडून तिने स्वतः बांधलेली चाल पुन्हापुन्हा गाऊन घेतली. छापताना मात्र चालीखाली नाव घातलं स्वतःचं.

मी विचारलं, तर हसून म्हणाले, "ताई, पुरावा आहे का?"

आता सांगा, घरच्यासारख्या माणसासमोर कुणी साक्षीदार बसवून गातं का हो?

शेवटच्या ओळीत आई आवाज हळूच घसरवायची. ते काही त्यांच्या चौकोनात मावलं नाही. आजही सगळे तिथून सरळ पुढे गेले. मी एकटीच आईसारखी घसरत मागे राहिले. सगळ्यांना ऐकू गेलं. पुढच्या बाकावरच्या वकीलसाहेबांनी मात्र मान वळवली नाही.