मी वाचवलेला धबधबा

चहा घेत ऐका, पण एक अट आहे. मध्येच ‘अगं, मग आधी विचारलं का नाहीस?’ असं कुणी म्हणायचं नाही. तो प्रश्न आख्ख्या गावाचा विचारून झालाय.

मी पलूसची. आमच्याकडे बांधाला बांध लागून ऊस, त्यामुळे पाण्याचं अप्रूप नाही. पर्यावरणशास्त्राची परीक्षा दिली आणि भर मे महिन्यात आत्याकडे गेले, आटपाडीच्या बाजूला. तिकडे उन्हाळ्यात काय असतं? माळ, बाभळी आणि डोळ्यांपुढे नाचणारं ऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या डाळिंबाच्या बागेमागे गेले आणि जागच्या जागी थिजले.

धबधबा!

शप्पथ सांगते! काळ्या कातळावरून पांढरंशुभ्र पाणी कोसळतंय, खाली डोह, काठाला हिरवीगार लव्हाळी आणि त्यावर एक खंड्या टपून बसलेला. पुढे ओढा बागेला वळसा घालून माणगंगेकडे निघालाय. पाटणच्या डोंगरात पावसाळ्यात असले धबधबे रांगेनं उभे असतात, पण मे महिन्यात त्यातला एक तरी जिवंत असतो का?

माझ्या अंगातच आलं. धावत घरी आले. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, ओसरीवर दाढी करत होते.

“मामा, त्या धबधब्यासाठी तुम्ही आजवर काय केलंत?”

“काय करायचं? बागंला पाणी देतो.”

“अहो, तो निसर्गाचा ठेवा आहे! वाचवायला पाहिजे!”

“कुणापास्नं?”

“माणसांपासून!”

“आगं पोरी, त्ये पाणी मुळात—”

“मुळात आपलं नाहीच, मामा! पुढच्या पिढ्यांचं आहे!”

स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, “आवं, सांगा की तिला!”

“सांगाय देतीया कुठं!”

मामांनी पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर माझा व्हिडिओ सांगलीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर गेला होता. ग्रुप पेटला! रविवारी सगळ्यांनी फलक घेऊन यायचं आणि धबधब्याभोवती साखळी करायची, असं ठरलं.

फक्त एक राहिलं. या पाण्याचा उगम कुठे? वरचा तापलेला माळ बघितला आणि ठरवलं, हे काम सरकारचं. तडक पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेले.

“साहेब, आमच्या ओढ्याचा उगम शोधा आणि त्याला संरक्षण द्या!”

साहेबांनी गावाचं नाव विचारलं आणि हसले. “मॅडम, तो ओढा कोरडा आहे.”

असला संताप आला! व्हिडिओ त्यांच्या नाकासमोर धरला. साहेबांनी तो बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, “लोकेशन पाठवता का?”

“पाठवते की! पण शनिवारच्या आत उगम सापडला पाहिजे. नाहीतर मी इथं ठाण मांडेन!”

“शनिवार कशाला? उद्याच जातो.”

वर मला चहा पाजला. सरकारी कचेरीत! शंका यायला नको होती का? मी मात्र भारावून पलूसला गेले आणि फलक रंगवत बसले. मामांचे फोनावर फोन येत होते. हाताला रंग होता म्हणून उचलले नाहीत.

रविवारी तीन जीपा भरून आम्ही आलो. ‘धबधबा वाचवा!’ अशा घोषणा देत बागेमागे पोचलो.

कातळ होता. डोह तळाला गेलेला. लव्हाळी माना टाकून उभी. खंड्यासुद्धा निघून गेलेला.

“कुणी केलं हे पाप?” मी ओरडले.

मामा कातळावर बसले होते. शांतपणे म्हणाले, “घावला बरं का उगम.”

उगम म्हणजे वरच्या माळावरून जाणारा कालवा. पाणी आमच्याच कृष्णेचं, पंपांनी उचलून आणलेलं. कालव्याच्या एका दाराची चौकट झिजली होती. कालव्याला पाणी सुटलं की तिथून गळायचं आणि ओढ्यानं येऊन कातळावरून पडायचं. खालच्या विहिरी त्यावर भरायच्या. आख्खं गाव वर्षानुवर्षं त्या गळतीबद्दल ब्र काढत नव्हतं. पाहुण्यांनासुद्धा तिकडे फिरकू देत नव्हतं! आणि मी? व्हिडिओ, लोकेशन आणि वर शनिवारची मुदत!

“दुसऱ्याच दिशी दार नीट करून गेलं. सायेब म्हनला, तुमच्या भाचीमुळं गळती घावली. सत्कार करू म्हनला.”

“मामा, मला सांगितलं का नाही तुम्ही?”

“पोरी, गोळीबारात बी मानूस मधी दम खातो. तू न्हाई खात.”

आत्या हसली नाही. “डाळिंबांनी बहर धरलाय गं. विहीर आटली तर सगळी फुलं गळत्याल.”

मैत्रिणी गुपचूप जीपकडे वळल्या. “कुठं निघालात?” मी म्हटलं. “फलक तेच आहेत ना? धबधबा तोच आहे ना? मग वाचवायचा!”

सोमवारी कचेरी उघडायच्या आत आम्ही पायरीवर होतो. मैत्रिणी, आत्या, गावच्या बायका.

“आता काय हो मॅडम?”

“धबधबा परत द्या.”

“अहो, गळती थांबवा म्हणून मोर्चे येतात! गळती सुरू करा म्हणून आलेला हा पहिलाच!”

“मग गळती म्हणू नका. ओढ्याला कालव्यातून रीतसर पाण्याची पाळी द्या. विहिरी जगल्या पाहिजेत.”

साहेबांनी नियम सांगायला सुरुवात केली. खूप वेळ सांगितले. आणि मी, हो मीच, मध्ये एक शब्द न बोलता सगळे ऐकले! आत्याला वाटलं मला ऊन लागलं. मग नियमात बसेल ते सगळं केलं. उठवलं की पुन्हा बसलो, नाही म्हणाले की पुन्हा गेलो. शेवटी ओढ्याला पाळी मंजूर झाली. पाणीपट्टीसकट! जे फुकट पडत होतं, त्याचे आता गाव पैसे भरतं. ही माझी चळवळ!

परवा मामांचा फोन आला.

“पोरी, पाणी पडाय लागलं. फुलं बी टिकली. ये.”

“आलेच मामा! आणि या वेळी—”

“आदी ऐक. धबधबा बघाय ये. वाचवाय येऊ नगंस.”