उन्हात न दिसणारा जाळ

माझे धाकटे दीर घरात येताना हात पुढे करून येतात. अंधारात चाचपडावं तसे, पण लख्ख उजेडात. दाराशी थांबतात, समोरच्या रिकाम्या हवेत तळहात फिरवतात आणि मग म्हणतात, "वहिनी, चहा आहे का?"

"आहे. भुतांची परवानगी मिळाली असेल तर या आत," मी म्हणते. पूर्वी हसायचे.

ते इंधनाच्या डेपोत टँकर भरतात. निम्मी हयात पेट्रोलमध्ये गेली. मग देशाने गाड्या इथेनॉलवर न्यायचं ठरवलं आणि त्याच टाक्यांमध्ये उसाचं इथेनॉल आलं. घरात कौतुकच झालं. रस्त्यावरचा काळा धूर ओसरला, पुतणीचा खोकला थांबला. "बाहेरून तेल आणायला नको, आपल्याच शेतात पिकतंय," असं आमचे हे पाहुण्यांना ऐकवत, जसा काही ऊस यांनीच लावलाय. कुरकुरही होतीच. टाकी लवकर रिकामी होते, थंडीत गाडी सुरू व्हायला नखरे करते, गावाबाहेरची धान्याची शेतं बघता बघता उसाखाली गेली आणि विहिरींचा तळ दिसायला लागला. पण हे सगळं निदान दिसत तरी होतं.

न दिसणारं भावजींनी पाहिलं. त्यांचा जोडीदार, ज्याला सगळे लंबू म्हणतात, भर दुपारी त्यांच्यासमोर उभा राहून काहीतरी गंमत सांगत होता. सांगता सांगता त्याच्या शर्टाची बाही आपोआप आखडायला लागली. धूर नाही, ज्वाळा नाही. कापड तेवढं आक्रसत कोपराकडे सरकत होतं, आणि लंबूच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. निव्वळ इथेनॉलचा जाळ कडक उन्हात दिसत नाही. पेट्रोलमध्ये मुरलेली ही माणसं. आग असली तर दिसेलच, असा त्यांचा डोळ्यांवर भरवसा. लंबू वाचला. हात कामातून गेला.

तेव्हापासून डेपोत कुठे सांडलंसं वाटलं, की लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालतात. झाडू पेटला, म्हणजे आग आहे. घरात शिरताना झाडू कसा धरणार, म्हणून भावजींचा हात.

जाऊबाई मात्र धास्तावल्या. "ताई, परवा मी लेकीची वेणी घालत होते, तर आमच्या दोघींच्या मधे हात घालून बघितलं यांनी. काही नव्हतं हो तिथे! ही नोकरी सुटली नाही ना, तर हा माणूस हातचा जाईल."

शेवटी भावजीच बायकोला म्हणाले, "एकदा येऊन बघ. बघून सोड म्हणालीस, तर त्याच दिवशी सोडतो."

म्हणून आम्ही दोघी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेलो. डेपोच्या मागच्या मोकळ्या अंगणात ते नव्या ड्रायव्हरांना जाळ दाखवत होते. पत्र्याच्या थाळ्यात इथेनॉल ओतलं, पेटवलं. थाळा रिकामाच वाटत होता. फक्त त्याच्यामागची भिंत पाण्यात पडल्यासारखी हलत होती. "पेटलंय बरं का," भावजी म्हणाले, आणि कुणीतरी उगाच खोकलं. त्यांनी थाळ्यावर झाकण ठेवलं. भिंत स्थिर झाली. सगळ्यांनी श्वास सोडला.

"अहो, डबा!" म्हणत जाऊबाई पुढे झाल्या.

"जागची हलू नकोस!"

एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यांनी झाडू आडवा धरून तिच्या पावलांपुढे नेला. तिथे फरशी होती, ऊन होतं, बाकी काही नव्हतं. झाडूच्या टोकाला मऊ भस्स आवाज झाला आणि पिवळा जाळ उभा राहिला. थाळ्यातून सांडलेला ओघळ फरशीवरून जळत जळत तिच्यापर्यंत आला होता.

विझवून झाल्यावर भावजी तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "बघितलंस ना? आता सांग."

जाऊबाईंनी नव्या पोरांकडे बघितलं, फरशीकडे बघितलं. "नका सोडू," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं तुम्हाला भास होतात. तुम्ही गेलात, तर या सगळ्यांना थांबवणार कोण?"

मी भावजींकडेच बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. तिने 'सोडा' म्हणावं, एवढ्याचसाठी त्यांनी तिला बोलावलं होतं. हे मला दिसलं, तिला दिसलं नाही.

"बरं," ते म्हणाले, आणि जळका झाडू पुढे धरून टँकरांच्या रांगेकडे निघाले.