दोन पिचर आणि शेवटचा रकाना

माझं लग्न वडिलांनी वहीत जुळवलं. उभ्या-आडव्या रेघा मारून त्यांनी स्थळांचा तक्ताच केला होता: उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर, चष्मा. शेवटच्या रकान्यात शेरा. तेव्हा मी त्यांच्यावर भयंकर चिडले होते, दोन दिवस जेवले नव्हते. पण वळणाचं पाणी वळणावरच जातं. वीस वर्षांनी न्यूझीलंडमधल्या लोअर हटमध्ये बसून मी तस्साच तक्ता केला, तोही अमेरिकेतल्या बेसबॉल खेळणाऱ्या पोरांचा.

मी इथल्या एका फार्मसीत फार्मसिस्ट आहे. शेजारच्या क्लिनिकमधल्या अमेरिकन नर्सने आम्हा दहा जणांना फँटसी बेसबॉलचा नाद लावला. खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बांधायचा. ते तिकडे खेळले की गुण इकडे आपल्याला. तरुण खेळाडू वर्षानुवर्षं राखून ठेवता येत, पण त्यासाठी जागा मोजक्याच. मला क्रिकेटपलीकडे काही कळत नव्हतं. कळत होतं ते माझ्या लेकीला. पंधरा वर्षांची होती, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. अमेरिकेतले सामने इकडे सकाळी लागतात. शनिवारी पोह्यांच्या बशा घेऊन आम्ही दोघी सोफ्यावर बसायचो. एरवी विचारलेल्याला 'हं' म्हणणारी पोरगी तेव्हा अखंड बडबडायची.

त्या वर्षी मोसम संपला तेव्हा आमच्याकडे दोन तरुण पिचर होते आणि जागा एकच. एक उंच, उजव्या हाताचा, वेग असा की चेंडू दिसू नये. दुसरा बुटका डावखुरा, कोपराचं ऑपरेशन झालेला. ती डावखुऱ्यासाठी हटून बसली.

"बट लुक ॲट हिम, आई. ही गेट्स हिट अँड ही स्टिल वॉन्ट्स द बॉल."

"वॉन्ट्स द बॉलला गुण किती मिळतात?" मी विचारलं.

आणि कॉम्प्युटरवर तक्ता केला. उंची, वेग, अचूकपणा, वय, दुखापत, पुढे वाढायला वाव. शेवटच्या रकान्यात असं सूत्र बसवलं की बाकीचं भरलं की आपोआप निकाल लागावा: 'कीप' नाहीतर 'ड्रॉप'. उंचाला कीप आलं, डावखुऱ्याला ड्रॉप. तिनेही बघावं म्हणून ती शीट तिच्याशी शेअर केली.

इथवर ठीक होतं. पण त्याच आठवड्यात तिची विभागाच्या संघासाठी ट्रायल होती. पिचरची जागा एकच, आणि तिच्याच संघातली आणखी एक मुलगी शर्यतीत. रविवारी दुपारी माझे हात शिवशिवले. तक्त्यात खाली दोन ओळी वाढवल्या, एकीत ती मुलगी, दुसरीत माझी. अगदी प्रामाणिकपणे भरल्या. मला प्रामाणिकपणाची भारी हौस. माझ्या पोरीची उंची कमी, वेग बरा, खांदा मधूनमधून दुखतो. सूत्र खाली ओढलं. माझ्या लेकीच्या नावापुढे 'ड्रॉप' उमटलं. मला चक्क हसू आलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी उठले, आणि त्या ओळी पुसायच्या राहून गेल्या.

संध्याकाळी ती खोलीतून बाहेर आली. "कीप द टॉल वन, आई. स्वीट ॲज." 'स्वीट ॲज' म्हणजे इथल्या पोरांचं 'चालेल की'. बस, एवढंच. मला वाटलं, आकड्यांनी पटवलं. ट्रायलच्या सकाळी खांदा दुखतोय म्हणाली. मी कपाटातून जेल काढून दिलं, दिवसातून तीनदा लाव म्हणून सांगितलं आणि कामावर गेले. ट्रायलला ती गेलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने सॉफ्टबॉल सोडलं. शनिवारचे सामनेही मग मी एकटीच बघू लागले. अभ्यासाचं वर्ष आहे, बरंच झालं, असं मी मैत्रिणींना सांगत होते. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आता ती ऑकलंडला शिकते, तिथल्याच न्यू लिन उपनगरात मैत्रिणींबरोबर राहते. गेल्या महिन्यात त्या उंच पिचरला संघातून काढायचं म्हणून मी जुनी शीट उघडली. त्याचा वेग गेला होता, फेकीत काही राम उरला नव्हता. खालच्या दोन ओळी तशाच होत्या. माझ्या लेकीच्या 'ड्रॉप'ला एक कॉमेंट चिकटलेली होती, त्याच रविवारी तिने लिहिलेली: 'फेअर इनफ.'

मग तिला फोन लावला.

"ती शीट मी आज बघितली गं. तुझी ओळ मी उगाच गंमत म्हणून भरली होती."

"आय नो, आई." ती म्हणाली, "हर नंबर्स वेअर बेटर एनीवे."

"म्हणून तू गेली नाहीस? आणि खांदा दुखत होता तो?"

"खांदा फाइन होता." ती हसली, पण मला ते हसणं सोसवेना. "यू डिडन्ट इव्हन आस्क विच शोल्डर. यू जस्ट गेव्ह मी द जेल."

फार्मसीत जेल मागायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी तेच विचारते, नेमकं कुठं दुखतंय.